डावा दिवा

डावा दिवा लागत नाही, एवढीच माझी तक्रार होती. मनीषनगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरात माझी गाडी उभी असते, नाक भिंतीला लावून. गाडी सुरू केली की पुढचे दोन छोटे दिवे आपोआप लागतात, भर दिवसासुद्धा, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेडाचे दोन डाग पडतात. हल्लीच्या गाड्यांचं हे एक खूळ आहे. दिवसाढवळ्या दिवे कशाला, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. गाडी नवी होती तेव्हा समोरून येणारे स्कूटरवाले हाताची बोटं उघडून-मिटून खूण करायचे, की काका, लाईट सुरू राहिला. आणि मी दर वेळी मान डोलवून त्यांचे आभार मानायचो, कारण चालत्या रस्त्यावर सगळ्या नागपूरला समजावत बसणं शक्य नव्हतं. तर त्या दिवशी सकाळी गाडी काढताना उजव्या खांबाला घासू नये म्हणून मी उजवीकडे डोळा ठेवून होतो, आणि भिंतीवर एकच डाग दिसला. डाव्या जागी नुसती भिंत. उतरून पुढे गेलो, पण उतरताना गाडी बंद करायची माझी जुनी सवय, आणि गाडी बंद झाली की ते दिवेही जातात. पुढून पाहून काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, मग रोजच तसं. मान वळवून डावीकडे नीट पाहावं असं एकदाही मनात आलं नाही. भिंत समोर होती. समोरचं पाहायला मान कशाला वळवायची?

बेसा रोडवर विक्कीचं गॅरेज आहे. विक्की तिशीच्या आतला, सदा कानात काहीतरी खुपसून कोणाशी तरी बोलत असतो, आणि तो आपल्याशी बोलतोय की त्याच्याशी, हे कळायला वेळ लागतो. "डावा लाईट गेला," मी म्हटलं. त्याने गाडी सुरू केली, पुढे जाऊन वाकला. "दोन्ही सुरू आहेत, काका." मी म्हटलं, अरे बापा, रोज पाहून राहिलो मी, एकच आहे. "मग तुम्हीच या ना इकडे. पाहा." मी पुढे जाऊन गाडीकडे तोंड करून उभा राहिलो. एकच होता. मला बरं वाटलं. आपलं खरं ठरल्याचा आनंद माणसाला कशातही होतो. "हा काय, बंद आहे," मी हात करून म्हटलं. विक्कीने कानातलं काढलं. "काका, तुम्ही तं डावा म्हणून राहिले होते. हा तं उजवा आहे." असं म्हणून त्याने मी दाखवलेल्या दिव्यापुढे आपला तळहात धरला. मी मान वळवली. तळहात उजेडाने पांढरा झाला होता. मान सरळ केली, तळहात गेला, त्याचा खांदाही गेला. पुन्हा वळवली, विक्की जागच्या जागी उभा. गाडीत बसलो की गाडीचा डावा दिवा बंद, गाडीपुढे उभा राहिलो की गाडीचा उजवा बंद. दोन्ही वेळा बंद असलेली बाजू एकच होती, आणि ती गाडीची नव्हती. मला भीती वाटली. साठी उलटलेल्या माणसाने भर रस्त्यावर घाबरू नये असा काही नियम नाही, पण मी तसा घाबरलो आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून खिशात किल्ली शोधू लागलो, जी गाडीतच होती. "उन्हामुळं दिसलं नसन," विक्की म्हणाला. "दिवसाचा लाईट कोणाले समजते?" मी हो म्हटलं. उन्हाचे उपकार मानले आणि घरी आलो.

वर्धा रोडवरच्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या, काजलच्या, वयाच्या निघाल्या. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघा, मान हलवायची नाही, आणि हाताची बोटं किती ते सांगा. मी नाकाकडे पाहत राहिलो. मग म्हटलं, दाखवा ना मॅडम. थोड्या वेळाने मला कळलं की हात वर केलेलाच आहे. पुढे यंत्रं झाली, अंधाऱ्या डब्यात डोकं घालून ठिपके दिसले की बटण दाबायचं झालं, आणि मग त्यांनी काचबिंदू हा शब्द उच्चारला. डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलं आहे, उजव्याचंही नाकाकडून, म्हणजे डावीकडूनच, जायला लागलं आहे. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून जितकं राखता येईल तितकं राखायचं. इतकी वर्षं कळलं कसं नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दिसत नाही ते काळं दिसत नाही हो, ते नुसतं नसतं; म्हणून कळत नाही. "घरात आणखी कोणाला होतं?" मी म्हटलं, "वडील विणकर होते." प्रश्न काय आणि उत्तर काय. त्यांनी मुलंबाळं विचारली. एक मुलगी, कुहीला शाळेत शिक्षिका आहे. "त्यांना लगेच तपासून घ्या. काही घराण्यांत फार लवकर सुरू होतं. लवकर सापडलं तर पुष्कळ वाचवता येतं," त्या म्हणाल्या. "आणि गाडी चालवू नका." मी दोन्हीला मान डोलवली, रस्त्यावरच्या स्कूटरवाल्यांना डोलवायचो तशी, आणि गाडी चालवत घरी आलो. प्रेमिलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की डोळे कोरडे पडले आहेत, थेंब दिले आहेत. ती "बरं" म्हणाली. तिने एवढ्यावर सोडून दिलं याचं मला त्या दिवशी नवल वाटायला हवं होतं.

वडील विणकर होते हे मात्र अगदी चुकीचं उत्तर नव्हतं. तांडापेठेत आमचं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खड्ड्यातला हातमाग, आणि त्यात कमरेपर्यंत उतरून बसलेले माझे वडील, बाबूलाल निखारे. नागपुरी लुगडं म्हणजे काठ. मधलं अंग कोणीही विणेल. विणकर ओळखायचा तो काठावरून, आणि बाबांच्या काठाला कोणी नावं ठेवलेली मी ऐकली नव्हती. ताण्याचं, म्हणजे उभं, सूत तुटतंच. तुटलं की विणकराला ते दिसतं, तो थांबतो, गाठ मारतो, पुढे जातो. नाही दिसलं तर त्या जागी लुगडंभर एक रिकामी रेघ उतरत जाते. बाबांच्या हाताखालून डावा काठ विरळ उतरायला लागला. माल न्यायला येणाऱ्या शेठने एकदा लुगडं दारात उजेडापुढे धरलं, आणि डाव्या काठातून पलीकडची गल्ली दिसली. शेठ जुना माणूस होता, घडी घालून लुगडं तसंच खाली ठेवलं आणि चहा न पिता गेला. बाबा म्हणाले, सूतच खराब आलं औंदा. त्यानंतर आई, अनुसया तिचं नाव, कांड्या भरायचा चरखा उचलून मागाच्या डाव्या अंगाला जाऊन बसली. मुळात ती कमी बोलणारी बाई. पण तिथे बसल्यापासून तिच्या तोंडाला खळ राहिला नाही. कोणाच्या पोरीला पाहायला कोण आलं, नळावर कोण कोणाला काय म्हणालं, दिवसभर टकळी सुरू. बोलता बोलता तिचा हात पुढे जायचा, तुटलेलं सूत हुडकायचा, गाठ मारायचा. बाबा आडव्या सुताचा धोटा फेकत राहायचे. मला वाटायचं, आईला म्हातारपणी बोलायची हौस आली.

एका दुपारी, चांगलं ऊन पडलेलं असताना, तिने कंदील पेटवून मागाच्या डाव्या बाजूला टांगला. मी शाळेतून येऊन जेवत होतो, म्हणून तो कंदील मला आठवतो. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत धड दिसतही नव्हती, काच तेवढी तापून वास सुटला होता. बाबांनी धोटा थांबवला. "इझव तो," ते म्हणाले. आई म्हणाली, "अजी, थोडा उजेड होईन." "दिवसा दिवा पाहून लोक काय म्हनतीन? बाबूलालचे डोये गेले म्हनतीन. इझव म्हनलं ना." बाबा कधी ओरडत नसत, तेव्हाही ओरडले नाहीत, आवाज उलट खाली गेला होता. आईने काच वर करून फुंकर मारली आणि चरख्यापाशी बसून जिथे सोडली होती तिथून नळावरची गोष्ट पुढे सांगायला लागली. त्यानंतर बाबांनी आणखी किती लुगडी विणली कोण जाणे. आईला टायफॉईड होऊन ती मेयो हॉस्पिटलात पडली, तेव्हा माग बंद झाला तो झालाच. ती बरी होऊन परत आली तरी बाबा खड्ड्यात उतरले नाहीत. ओट्यावर बसून असत. मी डावीकडून घरात शिरलो तर त्यांना कळत नसे, आणि मी लहानपणी याचा खेळ करायचो.

मी स्वतः पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. मोठ्या साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून काढायचे, कालव्याची रेघ ना रेघ. जन्मभर डोळ्यांवर भाकरी खाल्ली. बापाचं सूत गेलं आणि माझ्या हाती रेघा आल्या, एवढाच काय तो फरक. आता रोज सकाळी मी तळघरात जाऊन गाडी सुरू करायचो आणि भिंतीवरच्या उजव्या डागावर नजर रोखून बसायचो. मान हलवायची नाही. डावा डाग दिसतो का? दिसायचा नाही. मग नजर थोडी डावीकडे सरकवायची, आणखी थोडी, कुठे तो लागतो ते पाहायचं. भिंतीवर ओलीचा एक डाग होता, मग बिजलीच्या वायरची एक पट्टी होती, आणि मी मनात खूण करून ठेवायचो की काल पट्टीपर्यंत आलो होतो. आज पट्टीच्या पुढे जावं लागलं. थेंब घालत होतो तरी पुढे जावं लागत होतं, किंवा मला तसं वाटत होतं. भीतीने पाहणाऱ्याचं मोजमाप काय खरं धरायचं. वॉचमन संघपाल एकदा काचेशी येऊन म्हणाला, "सर, गाडी चालू करून काहून बसून राहता? तब्येत ठीक आहे ना?" मी म्हटलं, बॅटरी उतरू नये म्हणून. तो गेला. मला त्या भिंतीचा इतका राग आला की गाडी सरळ पुढे घालावी असं वाटलं. रोज उठून आपल्याला आपलंच किती उरलं ते दाखवणारी भिंत कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

म्हणून मी विक्कीकडे गेलो आणि म्हटलं, हे दिवसाचे दिवेच बंद करून दे. तो म्हणाला, "कंपनी बंद करू देत नाही ना काका. बटनच नाही त्याचं." मी म्हटलं, काहीतरी असेलच. त्याने डोकं खाजवलं, फोनमध्ये काहीतरी पाहिलं, बॉनेट उघडलं, चुकीचा फ्यूज काढला, हॉर्न बंद पडला, तो परत लावला, दुसरा काढला. दिवे विझले. रात्रीचे मोठे दिवे तसेच राहणार होते, हे तेवढे गेले. "पण काहून बंद करून राहिले?" त्याने विचारलं. "मले त्रास होते," मी म्हटलं. तो हसला. "काका, हे लाईट आपल्याले दिसावं म्हणून नसते. आपण दुसऱ्याले दिसावं म्हणून असते." फ्यूज त्याने माझ्या हातात ठेवला. बोटाच्या पेराएवढा, निळा. मी तो शर्टाच्या खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी तळघरात गाडी सुरू केली तेव्हा समोर नुसती भिंत होती, दोन्हीकडे सारखी. इतकं बरं वाटलं! बाबांनाही कंदील विझल्यावर असंच वाटलं असणार. काही दिवस मी जवळजवळ आनंदात होतो. रस्त्याने जाताना एखाद-दुसरा कडेने किंचाळल्यासारखा हॉर्न वाजवून जायचा, तेवढं सोडलं तर.

काजलला सांगायचं राहिलं होतं. खरं म्हणजे तेवढंच एक करायचं होतं. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. रोज फोन यायचा तिचा, रोज तिच्या शाळेतल्या गमती, आणि रोज फोन ठेवल्यावर मी स्वतःला सांगायचो की हे काय फोनवर सांगायचं, रविवारी कुहीला जातोच आहोत. रविवार यायचा आणि ती समोर जेवायला वाढत असायची, हसत असायची, आणि मी आणखी भाजी मागायचो. सांगितलं की प्रेमिलाला कळणार, मग गाडीची किल्ली जाणार, मग मीही ओट्यावर. ही एक भीती. दुसरी याहून वेडगळ. मला वाटायचं, मी बोलेपर्यंत तिला काही नाही. माझ्या तोंडून शब्द गेला की तो तिला लागेल. शिकल्यासवरलेल्या माणसाची ही अक्कल. आणि इकडे आमच्या घरात प्रेमिलाचं काहीतरी बिनसलं होतं. चाळीस वर्षं शिस्तीत ताट वाढणारी बाई, चटणी, मीठ, लिंबू डावीकडे, भाजी उजवीकडे. ती चटणी भाजीशेजारी वाढायला लागली. "ही कुठली पद्धत?" मी विचारलं. "खा ना मुकाट्यानं," ती म्हणाली. आणि गाडीत बसली की तिची बडबड. पूर्वी ती गाडीत झोपायची. आता रस्त्यावरची पाटी ना पाटी वाचायची, गाय दिसली तर गाय म्हणायची, सायकलवाला दिसला तर कसा चालला पाहा म्हणायची, ऑटो आला, टँकर आला, पोरगं पळून राहिलं रस्त्यानं. म्हातारपणी हिला बोलायची हौस आली, असं मला वाटलं. हेच वाक्य मी पूर्वी एकदा मनात म्हटलं होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही.

त्या रविवारी मी पक्कं ठरवलं होतं. वाक्य जुळवून ठेवलं होतं: काजल, माझ्या डोळ्यांना असं असं झालं आहे, आजोबांनाही होतं, उद्याच नागपूरला ये आणि दाखव. उमरेड रोडला लागलो, आणि मी ते वाक्य मनात घोळवतोय तर शेजारून प्रेमिलाचं एकसारखं सुरू. ढाबा नवीन झाला. बैलगाडी आहे पुढे. दोन बाया उभ्या आहेत कडेनं. ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन राहिला. कुहीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, कापणी झालेली शेतं, ऊन स्वच्छ. आणि मला ना धड पाहू देत होती ना धड घाबरू देत होती. "काहून एवढी बोलून राहिली वं?" मी ओरडलो. "डोकं उठवलं. थोडा वेळ चूप बसशीन का नाही?" ती चूप बसली. एकदम शांत झालं. गाडीचा आवाज, टायरचा आवाज. मला वाटलं, आता बरं. कुही आली, काजलच्या गल्लीकडे डावीकडे वळायचं होतं. मी आरशात पाहिलं, समोर पाहिलं, कोणी नव्हतं, आणि चाक फिरवलं.

"अहो!" प्रेमिला किंचाळली आणि तिने हँडब्रेक ओढला, आणि त्याच वेळी डाव्या अंगाला काहीतरी आदळलं. गाडी गचका खाऊन बंद पडली. सायकलवरून धानाचं पोतं नेणारा एक माणूस रस्त्यावर बसला होता, आणि पोतं फुटून धान त्याच्या पायांवरून वाहत होतं. लागलं नव्हतं त्याला, कोपर खरचटलं होतं. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मला तो दिसतच नव्हता. नुसता आवाज ऐकू येत होता, "दिसत नाही काय बे? एवढी मोठी गाडी घेऊन फिरून राहिला, दिसत नाही काय तुले?" हे वाक्य मी जन्मभर ऐकलं आहे. नागपुरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकलेलं असतं आणि दुसऱ्याला ऐकवलेलं असतं. त्याचं उत्तर कोणी देत नाही. "नाही," मी म्हटलं. "नाही दिसत." प्रेमिला उतरली होती. तिचा आवाज आला, दादा, चुकलं आमचं, कुठं लागलं दाखवा. मग ती रस्त्यावर बसून ओंजळीने धान गोळा करायला लागली असावी, कारण तसा आवाज येत होता. तो माणूस पुटपुटत होता, राहू द्या ना आता बाई, तुम्ही काहून उचलून राहिल्या. मी चाकावर हात ठेवून बसून राहिलो. उतरायला हवं होतं, उतरलो नाही.

तो गेल्यावर ती परत येऊन बसली. "चला, हळूहळू घ्या," ती म्हणाली. "डावीकडं कोणी नाही." इतक्या सहज म्हणाली, की मला समजायला एक क्षण लागला. मग मी मान वळवली. पूर्ण वळवावी लागली, पार खांद्यापर्यंत, तेव्हा कुठे ती दिसली. केसात धानाचा तूस अडकला होता आणि ती रडत होती, बहुतेक मी ओरडलो तेव्हापासून. गाडीत तिच्याकडे मी कितीतरी दिवसांत पाहिलंच नव्हतं. जे गेलं ते काळं दिसत नाही, नुसतं नसतं. आणि त्या नसण्यात माझी बायको बसत होती. "केव्हापासून माहीत आहे तुले?" मी विचारलं. "तुमच्या मायनं मले लग्न झालं तवाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हने, याचे डोये बापावर गेले, तं डाव्या बाजूनं बसत जाजो. अन् बोलत राहाजो. त्याले सांगू नोको." "अन् काजलले?" तिने नाक पुसलं. "तुम्ही सांगान, म्हणून वाट पाहून राहिली होती मी. माह्याच्यानं नाही सांगणं झालं." म्हणजे घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे आपापल्या जागी दिवे विझवून बसले होते. मला तिचा राग आला नाही. आईचाही नाही. फक्त असं वाटलं की आपण फार जुन्या एका खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेले आहोत, आणि वर यायची पायरी कोणी बांधलेलीच नाही.

"मी नाही चालवत आता," मी म्हटलं. तिने काजलला फोन केला, गाडी बंद पडली, ये. मग म्हणाली, "लाईट तरी लावून ठेवा, वळणावर उभे आहो. कोणी येऊन ठोकन." मी खिशात हात घातला. निळा फ्यूज तिथेच होता, धुण्यात जाऊनही टिकला होता. तो मी तिच्या हातावर ठेवला. तिने उलटसुलट पाहिला, काय आहे ते विचारलं नाही, आणि पर्समध्ये टाकला.

काजल आली ती समोरून, तिच्या स्कूटीवर. लांबूनच दिवा दिसला. स्कूटीचा दिवा दिवसाही लागलेलाच असतो, नव्या गाड्यांना तो बंद करताच येत नाही. एक म्हातारा रस्त्याच्या कडेने जात होता, त्याने तिला हाताची बोटं उघडून-मिटून खूण केली, लाईट सुरू आहे पोरी. तो तिच्या डाव्या बाजूला होता, आणि तिने पाहिलं नाही. एरवी ती सगळ्यांना हात करते. मी गाडीतून उतरलो. स्कूटीचा डावा आरसा नव्हता, नुसती दांडी राहिली होती, आणि डाव्या बाजूचा पत्रा पार मागेपर्यंत खरवडला होता. "हे काय?" मी विचारलं. "काही नाही बाबा, शाळेचं गेट लागलं," ती म्हणाली. "मागच्या वेळेस भिंत लागली होती. आमचे हे म्हणतात, तू गाडी विकून टाक." ती हसत होती. प्रेमिलाने माझा दंड धरला. मी जुळवून ठेवलेलं वाक्य आठवून पाहिलं, त्यातला पहिला शब्दसुद्धा हाताला लागला नाही.

"इकडे ये," मी म्हटलं. तिला समोर उभं केलं. ऊन तिच्या पाठीमागून येत होतं तरी तिचा चेहरा मला पूर्ण दिसत होता, माझ्या आईसारखं कपाळ, माझ्या बाबांसारखी हनुवटी. "सरळ माह्या नाकाकडे पाह्य. मान हलवू नोको." "काहून?" "पाह्य म्हटलं ना." ती ओठ दाबून हसू आवरत माझ्या नाकाकडे पाहू लागली, लहानपणी फोटो काढताना उभी राहायची तशी. मी उजवा हात वर केला. समोरासमोर उभं राहिलं की तिची डावी बाजू म्हणजे माझी उजवी, आणि उजवीकडचं मला अजून दिसतं. माझा हात, वर केलेली दोन बोटं, मागे धानाची रिकामी बांधी, सगळं स्वच्छ दिसत होतं. "बोटं किती?" मी विचारलं.

ती पाहत राहिली. मान अजिबात हलवली नाही, शहाण्या पोरीसारखी.

"दाखवा ना मग, बाबा," ती म्हणाली.